बाराव्या ओळीतला अधिकारी

माझी मोठी बहीण वीजमीटर तपासते. लोकांच्या घरून काढून आणलेले, बंद पडलेले, सुसाट पळणारे मीटर तिच्या टेबलावर येतात. ती त्यांना तारा जोडते, आकडे उतरवते आणि प्रत्येकाच्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवते. घरी आल्यावर ती अंतराळयानं बिघडवते. हे दुसरं काम बिनपगारी आहे, पण ते ती जास्त मन लावून करते.

नीट सांगतो, नाहीतर लोक तिच्या तब्येतीची चौकशी करतात. रविवारी दुपारी ताईच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही एक खेळ खेळतो. त्याला पट नाही की सोंगट्या नाहीत. आपण एका मालवाहू यानावरची माणसं आहोत असं धरून चालायचं आणि आता काय करतो ते तोंडाने सांगायचं. मी यंत्रवाला, माझी बायको यानाची चालक. ताई खेळवते, म्हणजे उरलेलं सगळं विश्व ती एकटी सांभाळते. यानाचं नाव म्हैस. ते माझ्या बायकोने ठेवलं, कारण वळवायला गेलं की ते आधी विचार करतं.

विश्व मोठं आणि ताईला सुट्टी एक. म्हणून ती तक्ते करते. यानात काय बिघडतं, ग्रहावर उतरल्यावर समोर काय येतं, स्थानकावर कोण भेटतं, प्रत्येकाचा वेगळा कागद. कागदावर दोनपासून बारापर्यंत ओळी. दोन फासे टाकायचे, जी बेरीज येईल ती ओळ खरी धरायची. दोन फाशांवर सात सारखे पडतात, दोन आणि बारा क्वचित. म्हणून रोजच्या कटकटी ती मधे लिहिते आणि नवलाईच्या गोष्टी टोकांना.

मी तिला किती वेळा म्हटलं, जरा स्फोट घाल, वादळं घाल. एकदा मी स्वतः एक ओळ सुचवली: ‘भयानक वादळ’. तिने ती माझ्यासमोर खोडली.

“वादळाचं मी काय करू?” ती म्हणाली. “हवेचा पंखा फक्त सगळे झोपल्यावर बंद पडतो, असं लिही. मग बघ कसे धावता.”

आणि धावलोच की. झक मारत पाळ्या लावून जागलो. ओळ अशी हवी की ती निघाली की खेळणाऱ्याला खुर्चीत सरळ बसावं लागेल, एवढाच तिचा नियम. अशा ओळी तिला कचेरीत मिळतात. ‘परग्रहावरचा जीव, काहीही विचारलं तरी आधी स्वतःच्या गुडघ्याबद्दल सांगतो,’ हा तिच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस. ‘गोदामातला यंत्रमानव, वस्तू आहे हे मान्य करतो पण देत नाही,’ हा कोण ते सांगायची गरज नाही, प्रत्येक कचेरीत असतो.

‘स्थानकावरचा अधिकारी’ या तक्त्यात सातव्या ओळीला तिचे साहेब होते.

साहेबांची गोष्ट अशी. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दुसऱ्या गावी शीतगृहात कामाला आहेत आणि महिन्यातून दोनदा घरी येतात. ताईने तिकडच्या कचेरीत बदली मागितली, ती मिळाली, गेल्या वर्षीच हुकूमही आला. फक्त इथल्या साहेबांनी तिला कामातून मोकळं केल्याची सही करायची होती. दर सोमवारी ताई त्यांच्या खोलीत जायची. साहेब कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि म्हणायचे, “कागद बरोबर आहेत. ठेवून जा. बघतो.” त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. भाऊजींनी तिकडे दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या आणि तिथे एकटेच वरणभात रांधत होते. फोनवर ते आता ‘कधी येतेस’ असं विचारतही नव्हते, आणि ताईला त्याचाच धसका बसला होता.

त्या सातव्या ओळीने आमची म्हैस तीन वेगवेगळ्या स्थानकांवर अडकवली होती. माझी बायको त्या अधिकाऱ्यामागच्या खऱ्या साहेबांना ओळखत नसतानाही त्याच्या नावाने बोटं मोडायची.

मग आमच्यातला चौथा खेळाडू, दातांचा डॉक्टर, गाव सोडून गेला. आणि त्याच आठवड्यात ताई कचेरीच्या झेरॉक्स यंत्रात एक तक्ता विसरली.

साहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्यापुढे ‘हवाबंद दाराचे बिघाड’ हा तक्ता पडला होता.

“हे कुठल्या विभागाचं?” त्यांनी विचारलं.

“माझं आहे, साहेब. घरचं. खेळातलं.”

खेळ म्हणजे काय हे तिने उभ्या उभ्या सांगितलं. साहेबांनी अकराही ओळी वाचल्या. “आठव्या ओळीत दार दोन्ही बाजूंनी एकदम ओढलं तर काय होतं, ते लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. “किती वाजता असतं?”

ज्याच्या टेबलावर आपला कागद पडलाय त्याला नाही कसं म्हणणार? रविवारी सकाळी मी चहाला गेलो तर ताई खोडरबर घेऊन बसली होती. सातव्या ओळीतला अधिकारी तिने बाराव्या ओळीत नेला आणि बारावीतला गाणारा राजदूत सातवीत आणला.

“सरळ काढून टाक ना बाई,” मी म्हटलं.

“काढला तर तो नाहीच असं होईल. तो आहे.”

“मग फासा पडला तर भोग.”

“बारा येतंय कशाला,” ती म्हणाली. हे फासे टाकणाऱ्या बाईने म्हणावं!

साहेब वेळेच्या आधी आले. सोबत टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि बिस्किटांचा पुडा. घरी एकटेच असतात, असं त्यांनी चपला काढता काढता सांगून टाकलं. आम्ही त्यांना कप्तान व्हा म्हटलं. त्यांनी विचारलं, कप्तानाला सह्या कराव्या लागतात का? लागतात म्हटल्यावर त्यांनी गोदामवाल्याची जागा घेतली.

तासभर सगळं छान चाललं. साहेब चांगलं खेळत होते, ही माझी अडचण झाली होती, कारण मी त्यांचा राग राग करायचा ठरवून आलो होतो. शेवटी म्हैस एका स्थानकाला लागली. पुढच्या वसाहतीत हवा गाळायच्या जाळ्या संपत आल्या होत्या, त्या आमच्या गोदामात होत्या, आणि निघायला स्थानकाच्या अधिकाऱ्याची सही हवी होती. तो अधिकारी कसा आहे हे बघायला ताईने पाहुण्यांचा मान म्हणून फासे साहेबांच्या हातात दिले.

सहा आणि सहा.

बायकोने टाळ्या वाजवल्या. तिच्या अनुभवाने बारा म्हणजे काहीतरी अद्भुत. कागद ताईच्या हातात होता, दुसरी कुठलीही ओळ वाचली असती तरी कुणाला कळलं नसतं. तिचे कान लाल झाले. पण तिने बारावीच वाचली, आणि एकदा वाचल्यावर तो अधिकारी खेळायलाही तिलाच लागणार होतं.

“कागद बरोबर आहेत,” ताई म्हणाली. “ठेवून जा. बघतो.”

“कधी बघता?” बायको उसळली.

“वरून काही आलेलं नाही अजून.”

“तिकडे माणसं गुदमरतायत!”

“तुमची अडचण मला समजते,” ताई म्हणाली, आणि कागदाची कड दोन बोटांनी टेबलाच्या कडेशी जुळवली. ते जुळवणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी पाहिलं आणि स्वतःचा हात टेबलाखाली नेला.

बायको म्हणाली, ह्याला बांधून घाला. मी यान अडकवणारा खटका कापायला निघालो.

“थांबा,” साहेब म्हणाले. “हा माणूस वाईट नाही. भ्यालेला आहे. सही केली आणि उद्या काही झालं, तर याचं नाव निघेल. सही न केल्यामुळे आजवर कुणाचं नाव निघालेलं नाही.”

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“त्याच्याकडे सही मागायचीच नाही. आम्ही निघालो, तुमची हरकत असेल तर इथे लिहा, असा कागद द्यायचा. हरकत तो आनंदाने लिहील. हरकत लिहिली की तो सुटला.”

“आणि हरकत वर गेल्यावर?”

“वर कुणी वाचत नाही. मी तीन वर्षं वर होतो.”

ताईने अधिकाऱ्याकडून हरकत लिहवून घेतली. म्हैस सुटली. साहेबांनी चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला, पुढच्या रविवारी येतो म्हणाले आणि गेले.

सोमवारी ताईने कागद नेला. शनिवारी मी इथून निघते आहे आणि तिकडे रुजू होते आहे, आपली हरकत असल्यास खाली नोंदवावी, एवढंच त्यात होतं. दारापाशी तिने तो पुन्हा दोनदा वाचून पाहिला, असं तिनेच मला संध्याकाळी सांगितलं.

साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन उघडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, ‘हरकत आहे.’ खाली सही केली, तारीख घातली. कागद तिच्याकडे सरकवला.

“एक विचारू?” ते म्हणाले. “यान गेल्यावर तो अधिकारी काय करतो? ते तुमच्या तक्त्यात दिसलं नाही.”

“नाही लिहिलेलं, साहेब.”

“लिहा कधीतरी,” ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

ताई हे सांगत होती तेव्हा भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. भाऊजींना फोन झाला होता, ते रडले होते, ती हसली होती. आता मात्र ती एकच वाटी कितीतरी वेळ गुंडाळत बसली.

“मला वाईट वाटतंय रे,” ती म्हणाली. “एवढे तक्ते केले मी. पण यान सुटलं की माझ्यासाठी स्थानक संपतं. तिथे मागे कुणी बसलेलं असतं, हे कधी मनातच आलं नाही.”