वेताळाचे चिंचोके

आमच्या घरात भुतांची सर्वांत जास्त माहिती मला आहे. मुंजा कुठल्या झाडावर बसतो, हडळीचे पाय कुठल्या बाजूला वळलेले असतात, चकवा लागलेला माणूस त्याच त्या शेताला फेऱ्या का मारत राहतो, वेताळाच्या पालखीपुढे मशाली कोण धरतं, सगळं तोंडपाठ. कारण उघड आहे. ही भुतं नसतात असं मी गावोगाव जाऊन सांगते. जी गोष्ट नाहीच तिच्याबद्दल एवढी माहिती बाळगणारी माणसं दोनच प्रकारची: मांत्रिक आणि आम्ही. मांत्रिकाला कोंबडी मिळते, आम्हाला समितीचा चहा मिळतो, एवढाच काय तो फरक.

माझ्या दादाने हे बरोबर हेरलं. त्याने अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडली होती आणि तो खेळ बनवत होता. मोबाइलवरचा नाही, टेबलावरचा. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे टेबलाभोवती बसून त्या गोष्टीतली माणसं होणार, संकट आलं की फासे टाकणार. दादाने त्यासाठी एक अख्खं जग रचलं होतं. डोंगर, किल्ले, नदीकाठचं शहर, घाटावर भांडणारे पुजारी. आमच्या नाशकाची मान थोडी लांब केली की झालं ते जग. वहिनी बँकेत आहे. तिने त्याला मुदतही बँकेसारखीच दिली होती: "दिवाळीपर्यंत. नाहीतर परत अंबड."

एका रविवारी पुण्याहून एक बाई येणार होत्या. त्या असले खेळ छापतात. पूर्ण डाव खेळून बघणार आणि मग हो किंवा नाही सांगणार. दादाचं जग तयार होतं, फक्त त्यात राक्षस आणि जादू यांचं प्रकरण बाकी होतं.

"ते तू लिही," दादा म्हणाला.

"मी भुतांच्या विरोधात आहे."

"म्हणूनच. त्यांची बाजू तुला जास्त पाठ असणार."

इथे माझ्या लेखनाविषयी सांगायला हवं. मी लिहायला शिकले ती पत्रकांवर. पहिल्या ओळीत आरोप, मध्ये पुरावे, शेवटी आवाहन, आणि सगळं एका पानात बसलं पाहिजे. आयुष्यात एकदाच प्रेमपत्र लिहिलं, तेही "वरील बाबीचा गांभीर्याने विचार व्हावा" या वाक्यावर संपलं. उत्तर आलं नाही. त्याचा मी अजून निषेध करते.

तर माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "या जगात भुते नसतात. जी आहेत असे भासवले जाते ती हितसंबंधीयांनी जनतेच्या दिशाभुलीसाठी निर्माण केलेली आहेत."

दादाने ते दोनदा वाचलं. "अगं, हे जग मी बनवलंय. त्यातला हितसंबंधी मीच."

"मग तू जबाबदारी घे."

"घेतो. पण मग लोकांनी खेळायचं काय? चार जण तलवारी घेऊन डोंगरावर जाणार, आणि तिथे कोणीच नाही?"

"त्यांचं प्रबोधन होईल."

तो उठून पाणी प्यायला गेला. दादा चिडला की पाणी पितो. त्या महिन्यात तो खूप पाणी प्यायला.

मग जादू. जादूला नियम लागतात, असं त्याने मला समजावलं. काहीही होऊ शकतं म्हटलं की कशालाच अर्थ राहत नाही. मला पटलं. मी नियम लिहिले. हातातून ज्वाळा: फॉस्फरस. लिंबातून रक्त: सुरीला आधी लावून ठेवलेलं रसायन. अंगात येणे: घरात सुनेचं एरवी कोणी ऐकत नाही म्हणून. दादा म्हणाला, "यातला जादूगार म्हणजे बारावी सायन्सचा मुलगा झाला." मी म्हटलं, तो असतोच.

पण खरी खोळंबले ती हडळीपाशी. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, असं आपल्याकडे मानतात. हे लिहिताना माझं डोकं असं तापलं की पेन बाजूला ठेवावं लागलं. पेठच्या बाजूला मी पाड्यांवर गेलेली आहे. पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, गाडी वरपर्यंत येत नाही, झोळी करून बाईला खाली आणावं लागतं. समजा ती वाटेत गेली. तिला काय मिळतं? उलटे पाय. रस्ता ज्यांनी केला नाही ते झोपतात सुखाने, आणि घाबरायचं मात्र हिला. आणि मुंजा? मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. म्हणजे माणूस मेला, जळला, राख गंगेत गेली, तरी जात शाबूत. आमच्या देशात सुटका फक्त भूत नसण्यात आहे.

हे मी तावातावाने दादाला ऐकवलं. तो एकदम सरसावून बसला. "हे लिही ना. हडळीचं हे फार चांगलंय."

मी लिहिलं. माझी हडळ मागण्यांचं निवेदन घेऊन किल्लेदाराकडे गेली. मागणी एक, रस्ता. मागणी दोन, सुईणींना मानधन. सोबत मुंजे, समंध, खवीस, सगळे भेद विसरून एका फलकाखाली. जातींवरून नावं नकोत म्हणून मी सगळ्यांचं एकच नाव केलं: पिशाच. सर्वांचं बळ समान. दादा म्हणाला, "समोरून सात पिशाचं आली. सातही सारखी. त्यातल्या कोणाला घाबरायचं हे माझ्या खेळाडूला कसं कळणार?"

"घाबरायचंच कशाला?"

"पुढारीण बाई," तो म्हणाला, "मला दिवाळीनंतर अंबडला जायचं नाहीये."

तेव्हा कुठे मला ऐकू आलं. मग मी बसले आणि एक नियम शोधून काढला. अजूनही मला तो सुचल्याची वेळ आठवते, कारण मी स्वतःशीच हसले होते, आणि मी क्वचित हसते. नियम असा. या जगातल्या राक्षसाचं बळ लोकांच्या विश्वासावर चालतं. दादा ते चिंचोक्यांनी मोजणार; राक्षसापुढे चिंचोक्यांचा ढीग. कोणी म्हणालं, "असेल बाई, काही सांगता येत नाही," की एक चिंचोका वाढतो. कोणी विचारलं, "कशावरून?" की एक चिंचोका जातो. ढीग संपला, राक्षस संपला.

मला वाटलं, यापेक्षा सुंदर नियम कुठल्याच जगाला मिळालेला नसेल. दादालाही आवडला. रविवार जवळ आला होता, आणि त्याला काहीही आवडलं असतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

डाव कॉलेज रोडवरच्या एका कॅफेच्या माडीवर होता. दुपारी तिथे कोणी नसतं. पुण्याच्या बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, पांढरे केस कापलेले, बोलणं मोजकं. सोबत दादाचे नेहमीचे दोन खेळाडू, एक डेंटिस्ट आणि एक फिजिक्सचे क्लास घेणारे सर. मी बाजूला स्टुलावर, नियमांचे कागद घेऊन. प्रत्येकाने आपल्या पात्राची चार पानं निवडली, म्हणजे पात्राजवळ काय काय आहे ते: घोडा, मंत्र, सोबती, असं. बाईंनी एक दिवा मागितला, ज्यातून पात्राच्या वारलेल्या आत्याचा आवाज येतो. दादा म्हणाला, छान.

तो गोष्ट सुरेख सांगतो. डोंगर चढताना सर खरंच पुढे झुकून बसले होते. वर वेताळ आला. दादाने त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ओतले आणि आवाज खोल केला. "मी या डोंगराचा धनी आहे."

डेंटिस्टने नियमाचा कागद वाचलेला होता. "कशावरून?" तो म्हणाला.

एक चिंचोका गेला.

"मी शंभर वर्षं इथे आहे."

"कशावरून?"

"माझ्या हाकेने नदी आटते."

"कशावरून? आणि आटली तर पाटबंधारे खातं काय करतं?"

सरांना हसू आवरेना. मग तेही लागले. कशावरून, कशावरून, कशावरून, जणू दोघं दाणे सोलत होते. वेताळाला चौथं वाक्य पूर्ण करता आलं नाही. चहा यायच्या आत ढीग संपला. दादाने तीन तासांची गोष्ट रचली होती, आणि तिच्यातला सर्वांत भयंकर राक्षस वीस मिनिटांत गेला होता. बाई घड्याळाकडे पाहत होत्या, लपवून नाही, सरळ.

"चहा घेऊ या," दादा म्हणाला.

मला तो मागच्या जिन्यात घेऊन गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं; ओरडण्यावर माझ्याकडे उत्तरं तयार असतात. तो हळू बोलला.

"नियम बदलायला लागेल. एका डावात प्रत्येकाने एकदाच विचारायचं, असं करू."

"प्रश्नावर बंदी? माझ्या हाताने?"

"बंदी नाही गं. मर्यादा."

"सगळ्या बंद्या हेच म्हणत येतात."

"मग तू सांग. बाईंचा चहा संपेपर्यंत सांग. आणि तुझ्या वहिनीला मी काय सांगू, तेही लिहून दे."

आणि तो वर गेला.

मी जिन्यात बसले. पत्रकाची पहिली ओळ सुचते का पाहिलं. सुचली ती अशी की प्रश्न विचारायला काहीही लागत नाही, फक्त तोंड लागतं. ही ओळ आमच्या एका पत्रकावर आहे, ती मीच लिहिलेली आहे आणि रामकुंडावर उन्हात उभं राहून वाटलेलीही आहे. ती मनात म्हणताना मला मावशीचं घर आठवलं. मावसबहिणीच्या साखरपुड्यात मी गुरुजींना मुहूर्ताबद्दल "कशावरून?" विचारलं होतं. गुरुजी गोंधळले, मी जिंकले. तेव्हापासून मावशी कार्यक्रमाआधी फोन करते, "तुला त्या दिवशी काम असेल ना गं?" एवढंच विचारते, आणि मी हो म्हटलं की तिचा सुटकेचा श्वास फोनवर ऐकू येतो. एक स्थळ पत्रिकेपाशी बुडालं. मुलगा वाईट नव्हता. त्याची आई पत्रिकेचा कागद उलगडत होती, आणि मी विचारलं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. मी या सगळ्यांत बरोबर होते, आजही आहे. पण काहीही लागत नाही हे साफ खोटं. दर वेळी माझ्याकडचं काहीतरी गेलेलं आहे, आणि ते न सांगता मी लोकांना फुकट म्हणून वाटत सुटले होते. भोंदू असंच करतात, फक्त ते अंगारा देतात.

मी कागदाच्या मागे एक ओळ लिहिली. "ज्याला 'कशावरून' विचारायचे आहे, त्याने आधी आपले एक पान कायमचे खाली ठेवावे." वर जाऊन दादाच्या हातात दिली. त्याने वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाला, "वेताळ परत उभा राहतोय. नियम थोडा बदललाय." बाई म्हणाल्या, "बघू."

डेंटिस्टने हसत हसत घोडा ठेवला. मग तलवार. मग त्याच्या लक्षात आलं की तो आता दोनच पानं घेऊन पायी उभा आहे, आणि समोर अजून ढीग आहे. तो सरांकडे वळला.

"सर, आता तुम्ही."

"मीच का? तुमच्याकडे अजून मंत्र आहे."

"मंत्र गेला तर जखमा कोण भरणार? तुमचा तो कुत्रा काय करतोय नुसता?"

"कुत्र्याचं नाव काढायचं नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी खरोखर पानावर हात ठेवला.

थेट आमच्या समितीची बैठक. सगळ्यांना प्रश्न विचारला जायला हवा होता, दुसऱ्याकडून. मधल्या वेळात वेताळ बोलत होता, आणि आता त्याला वाक्यं पूर्ण करता येत होती. माडीवर ऊन होतं, खाली कोणी मिक्सर चालवत होतं, तरी माझ्या मानेवर काटा आला. लाज वाटली. पण काटा आलाच.

हळूहळू पानं जात राहिली. डेंटिस्टचा मंत्रही गेला, आणि सरांनी बाकी सगळं देऊन कुत्रा राखला. शेवटी एक चिंचोका उरला आणि बाईंच्या हातात एक पान, तो आत्याचा दिवा. वेताळ म्हणाला, "माझ्यानंतर या डोंगरावर काही उरणार नाही."

बाईंनी पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. कोणी घाई केली नाही. आणि मी, जिने हा शब्द लोकांनी विचारावा म्हणून घसा बसवून घेतला आहे, मनातल्या मनात म्हणत होते, नका विचारू. राहू दे तो वेताळ. एखादा असला म्हणून काय झालं?

त्यांनी दिवा खाली ठेवला. "कशावरून?" त्या म्हणाल्या, पण हळू, कोणी झोपेतून जागं होऊ नये अशा.

दादाने शेवटचा चिंचोका उचलला. विजयाचा आवाज काढला नाही. "वेताळ गेला. दिवा विझला. तुम्ही अंधारात आहात. बाकीचे दोघं तुमचा हात शोधतायत."

डेंटिस्टने टेबलावरून खरंच हात पुढे केला, मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि त्याने तोच हात बिस्किटांकडे वळवला.

"दुसरा नियम कोणाचा?" बाईंनी विचारलं. दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि पहिला?"

"तोही तिचाच."

"पहिला अगदी भंकस होता," बाई मला म्हणाल्या. त्यावर माझ्याकडे निदान तीन मुद्दे होते. दादा माझ्याकडे पाहत होता. मी तिन्ही गिळले.

"छापू," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुण्याला या. दोघंही."

जिन्यातून उतरता उतरताच दादाने वहिनीला फोन लावला. "हो म्हणाल्या," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकला. पलीकडून वहिनीने काहीतरी विचारलं, आणि दादा माझ्याकडे बघत हसायला लागला.

"नाही गं," तो म्हणाला, "एकदाही भांडली नाही. शप्पथ."

मी माझी बाजू मांडण्यासाठी फोन मागितला. त्याने दिला नाही.