फुकट गेलेल्या पाळ्या

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. माणूस अगदी नाकासमोर चालणारा, पण बॅकगॅमनचं खूळ भारी. पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे, आपल्या सोंगट्या आधी घरी आणून पटावरून उचलायच्या, एवढाच तो खेळ. खेळतात तसे बेताचेच. त्यांचा खरा जीव अडकलाय तो खेळून झालेल्या सामन्यांच्या फाइलींत. त्यांच्या बॅकगॅमनच्या क्लबातली मंडळी घरी बसून कॉम्प्युटरवर खेळतात, तो प्रोग्राम सामना आपल्या पद्धतीने लिहून ठेवतो. कोण कुठे चुकलं ते सांगणारा प्रोग्राम दुसराच, आणि त्याला हे लिखाण वाचता येत नाही. मग भाऊजींनी मधे बसून स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला, इकडची फाइल तिकडे वाचता यावी म्हणून. सगळ्या क्लबाचं काम करायचे. कुणी साधा चहा पाजला असेल तर शपथ.

टेलरकाका त्यांचे मित्र. वयाने वीसेक वर्षांनी मोठे, शिवणकाम सुटलेलं, काकू गेलेल्या, राहिला तो एक खेळ. गेल्या वर्षी क्लबाच्या स्पर्धेत काका घरूनच एक लांबलचक सामना खेळले आणि हरता हरता जिंकले. शेवटी फाशांनी हात दिला म्हणून. भाऊजींनी फाइल बदलून दिली आणि तपासणाऱ्या प्रोग्रामने आकडा काढला, साडेचार. हा म्हणजे चुकांची सरासरी, जितकी कमी तितका खेळ चांगला. क्लबात पहिल्या येणाऱ्या बाईंचासुद्धा सात येतो. झालं! सेक्रेटरी म्हणाले, टेलर काही एवढा मोठा लागून गेला नाही, शेजारी दुसरा कॉम्प्युटर ठेवून चाली विचारल्या असणार. काका नाही म्हणाले. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, मग गप्प बसले. क्लबातून त्यांचं नाव काढलं. जुने सोबती रस्त्यात दिसले तर मोबाइलमध्ये डोकं घालायला लागले.

आणि आमचे भाऊजी? तोंडाला कुलूप. मी विचारलं, काका लबाडी करतील असं तुम्हाला खरंच वाटतं का? तर म्हणतात, "फाइल मी दोनदा तपासली, वहिनी. आकडा तोच येतो." असा राग आला मला! एवढ्या वर्षांची ओळख, आणि हे आकडा धरून बसलेत. पण मला त्यातलं काय कळतं, म्हणून मीही गप्प बसले. ते माझं चुकलंच.

आठ महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर भाऊजी पांढऱ्याफटक चेहऱ्याने समोर येऊन बसले. दुसऱ्या कुणाची तरी फाइल बघताना त्यांना स्वतःची चूक सापडली होती. ती त्यांनी मला दोनदा समजावली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरली. या खेळात सोंगटी मारली गेली की ती बाहेर बसते, आणि आत यायला जागा मोकळी नसली की पाळी फुकट जाते. अशा पाळीला पहिला प्रोग्राम जागा कोरी सोडतो. दुसऱ्याला कोरी जागा दिसली की तो फाइल उघडतच नाही. म्हणून भाऊजींनी काय केलं होतं, तर प्रत्येक कोऱ्या जागी शून्याची चाल भरली होती. दुसऱ्या प्रोग्रामने ती खरीच चाल धरली, आणि वर बिनचूक धरली. त्या सामन्यात काकांच्या जवळजवळ निम्म्या पाळ्या अशा फुकट गेल्या होत्या. त्या सगळ्या बिनचूक चालींत मिळवल्यावर सरासरी खाली येणारच.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "म्हणजे माणूस नुसता अडकून बसला होता, आणि तुम्ही ती त्याची हुशारी म्हणून मोजलीत?"



दुसऱ्याच दिवशी भाऊजींनी सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरी आधी कुरकुरले, पण तयार झाले. माफीची नोटीस क्लबाच्या फळ्यावर लावायची, काकांना परत घ्यायचं. अट एकच, जुना आकडा आणि खरा आकडा दोन्ही नोटिशीत हवेत. नाहीतर लोक म्हणणार, दोस्ताने दोस्ताला सांभाळून घेतलं. भाऊजींनी नोटीस लिहिली आणि आधी काकांना दाखवायचं ठरवलं. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मीही सोबत गेले.

काकांनी आम्हाला बसवलं. भाऊजींनी सगळं सांगितलं, हात जोडले आणि नोटीस पुढे केली. काकांनी चष्मा चढवून कागद सावकाश वाचला. मला वाटत होतं, आता चिडतील नाहीतर रडतील. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"नऊ? माझा खरा आकडा नऊ?"

"हो, काका."

"म्हणजे क्लबात मी मधलाच कुठेतरी."

काकांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"मी कुणाला विचारून खेळलो नव्हतो, हे मला तर ठाऊक होतं ना," काका म्हणाले. "तुम्ही सगळे म्हणालात, इतकं चांगलं माणसाला खेळताच येत नाही. आणि मी तर खेळलो होतो. आठ महिने मी त्या एका खेळाच्या जोरावर काढले रे."

मला भरून आलं आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येईना.

काका म्हणाले, "नोटीस लाव. फक्त तो नऊचा आकडा काढून टाक त्यातला."

भाऊजींनी चाचरत सांगितलं, आकड्याशिवाय सेक्रेटरी लावू देणार नाहीत, आणि लावली तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

काकांनी कागदाची नीट घडी घातली आणि भाऊजींच्या हातात परत दिली.

"मग राहू दे," म्हणाले.