शीग नसलेलं माप

मी बेव्हर्ली पार्कमधल्या घरी सकाळचा चहा घेत होतो, तेव्हा पुण्याहून पुतण्याचा, शिरीषचा, फोन आला. "काका, आई गेली. शेजारच्यांनी कळवलं. तुम्ही पुढे व्हा..." वहिनी झोपेतच गेल्या होत्या. आता महिना उलटला, तरी जवळच्याच शांती नगरमधल्या त्यांच्या बिल्डिंगवरून जाताना माझी नजर आधी पार्किंगमध्ये जाते. तिथे त्यांची लाल गाडी उभी असते. ही गाडी एकदा विकली जाणार होती आणि गिऱ्हाईक शोधून आणणारा शहाणा मीच होतो, हे आज कबूल करून टाकतो.

दादा गेल्यावरची गोष्ट. गाडी वहिनी छान चालवायच्या, पण बॉनेटखालचं सगळं दादा बघायचा. मी म्हटलं, उगाच व्याप कशाला, देऊन टाकू. "तुम्हाला जमेल का हे सगळं बघायला?" "आधी फडकं द्या," वहिनी एवढंच म्हणाल्या आणि बॉनेट उघडायला लागल्या.

पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेला दिसलं, म्हणून वहिनींनी डबाच रिकामा केला. तांदळाच्या मापावर शीग उभी राहिलीच पाहिजे, ही त्यांच्या माहेरची रीत. सपाट माप भरायची त्यांना लाज वाटायची. तीच शीग त्यांनी इंजिनालाही लावली आणि गाडी धूर सोडायला लागली. मी मनातून खूश झालो, हेही कबूल करतो. खारी गावातल्या गॅरेजमध्ये उत्तनच्या आंतोनमामा मेकॅनिकांनी जास्तीचं तेल काढलं आणि शांतपणे म्हणाले, "बाय, तेल हाय, तांदूल न्हाय. दोन खुणांच्या मधी ऱ्हाऊ दे."

वहिनींनी ते एकदाच ऐकलं. मग दर रविवारी गाडी सपाट जागी, इंजिन गार. पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि मगच बघायची. पहिल्यांदा निघते ती पट्टी थापा मारते, असं त्या म्हणत. ब्रेकचं तेल उतरलेलं दिसलं तर नुसतं भरून मोकळ्या व्हायच्या नाहीत, आधी आंतोनमामांना ब्रेक दाखवायच्या. तरी माझं टुमणं चालूच. शेवटी त्यांनी मला अट घातली. भाचीच्या लग्नाला नाशिकला गाडी नेते. वाटेत बंद पडली तर तुमचं गिऱ्हाईक खुशाल बोलवा.

दोन गाड्या निघाल्या, पुढे त्यांची, मागे माझी. कसारा घाटात एक गाडी तापली... माझी. मी तणतणत पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तोच वहिनींनी माझं मनगट धरलं. "भाऊजी, हात भाजेल. गार होऊ दे." पाऊण तास आम्ही कठड्याशी बसून रुखवताचे लाडू संपवले. मग कूलंटची टाकी पाहिली, तर कोरडी ठणठणीत. वर्षभरात मी बॉनेट उघडलंच नव्हतं! वहिनींनी माझ्या गाडीचं पुस्तक वाचून त्यांच्या डिकीतलं कूलंट हिला चालतं याची खात्री केली, खुणेपर्यंत ओतलं आणि हात थांबवला.

"इथे शीग नाही, भाऊजी."

मांडवात मी त्यांच्या मागोमाग पोचलो. सगळा प्रकार वऱ्हाडाला मीच रंगवून सांगितला आणि टाळ्या वहिनींना मिळाल्या. इतका सपशेल हरून इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झालेला नाही. गिऱ्हाइकाला तिथूनच फोन केला, गाडी विकायची नाही.

परवाच्या रविवारी शिरीष आला होता. पार्किंगमध्ये उभं राहून चाचरत म्हणाला, "काका, देऊन टाकायची का? तुम्हाला जमेल का हे सगळं बघायला?"

"आधी फडकं दे," मी म्हटलं.

फडकं म्हणजे दादाच्या जुन्या बनियनचा तुकडा, तो अजून डिकीतच होता. मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं, वहिनींनी ठेवलं होतं तिथेच.