छताला पडलेलं भोक

कुठलीही वस्तू चांगली की वाईट, हे आमच्या खालच्या मजल्यावरचे साहेब ती उचलून ठरवत. टेबल असो, टीव्ही असो, तुळशीची कुंडी असो, एका बाजूने जराशी उचलायची, मान तिरकी करून वजनाचा अंदाज घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "दोन माणसांत जाईल. सध्यापुरतं ठीक आहे." पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी आमचा सोफा उचलून पाहिला. सोफ्यावर मी बसलेलो होतो. "हा चार माणसांचा आहे, प्रोफेसर," ते म्हणाले. त्यात माझा वाटा किती, ते त्यांनी सभ्यपणे सांगितलं नाही.

तुमच्या ओळखीत एखादं फौजी कुटुंब असेल तर ही उचलाउचल तुम्हाला नवी नसेल. साहेबांची सगळी नोकरी हवाई दलात गेली. दर दोन-तीन वर्षांनी घर पेट्यांत भरायचं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उघडायचं. निवृत्तीनंतर त्यांनी झिरकपूरला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. ते साताऱ्याकडचे, आम्ही नागपूरचे. पण झिरकपुरात मराठी ऐकू आलं की सातारा आणि नागपूर एका गल्लीत येतात.

घर स्वतःचं, पण भिंती कोऱ्या. फोटो सगळे जमिनीवर, भिंतीला टेकून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे उभे. घड्याळ फ्रिजवर. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. मे महिन्यात सगळी सोसायटी एसीत बसायची, साहेब कूलरपुढे. कारण एसीच्या नळीला भिंतीत भोक लागतं. मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक वस्तूचं खोकं थर्मोकोलसकट माळ्यावर तयार. मी आपला समजत होतो, सरकारी क्वार्टरमध्ये खिळा ठोकायची बंदी असते, तिची सवय राहिली असेल.

साहेबांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र टेकीला आल्या होत्या.

"भाऊजी," एक दिवस त्या मला म्हणाल्या, "मला ह्या घरात एक तरी वस्तू अशी पाहिजे, जी हलवता येणार नाही."

ती वस्तू त्यांनी ठरवूनही टाकली होती. तिसऱ्या खोलीत सिनेमाघर करायचं आणि छताला स्क्रूने पक्का आवळलेला प्रोजेक्टर लावायचा. आजवर त्यांनी सिनेमे पाहिले ते तळावरच्या मैदानात, दोन खांबांना बांधलेल्या पडद्यावर, घरून नेलेल्या खुर्चीत. "निम्म्या पिक्चरांचा शेवट मला माहीत नाही. एकदा पाऊस आला, एकदा वीज गेली, एकदा बदली झाली."

प्रोजेक्टर हा शब्द कानावर पडला आणि मी न बोलावता पुढे झालो. मी चंदीगडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. प्रकाश, भिंगं, प्रतिमा हा माझा हातखंडा विषय. माझी बायको डॉक्टर, त्यामुळे निदान लगेच करते. ती म्हणाली, "तुम्हाला घरातली ट्यूब बदलता येत नाही." मी म्हणालो, "ट्यूब अभ्यासक्रमात नाही."

साहेब, वहिनी आणि मी चंदीगडच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने दिवे मालवले, आणि मी त्याला ल्युमेन हे उजेडाचं माप काय असतं ते समजावून सांगू लागलो. खोलीला किती उजेड लागेल, पडदा किती दूर हवा, सगळं. बोलता बोलता प्रोजेक्टरच्या जाळीपुढे तळहात धरून प्रकाश पडायची वाट पाहत होतो. विक्रेता सरदारजी फार अदबशीर होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर जी, लेंस उस तरफ़ है. यहाँ से सिर्फ़ हवा आती है."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. साहेबांचं लक्षच नव्हतं. ते एकेक प्रोजेक्टर उचलून बघत होते. चित्राकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. वहिनींना आवडलेला मोठा प्रोजेक्टर त्यांनी उचलून लगेच खाली ठेवला. शेवटी त्यांच्या हाती जेवणाच्या डब्याएवढा एक आला, आणि त्यांचा चेहरा उजळला. कुठल्याच ल्युमेनने तो तसा उजळला नसता.

"हा बघ! बॅगेत जातो. खांद्याला अडकवला की निघालो."

"निघालो कुठे?" वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी प्रोजेक्टर खाली ठेवला. मग परत उचलला.

सरदारजी शहाणा माणूस. नवरा-बायकोच्या मध्ये न पडता त्याने छोटा प्रोजेक्टर पिशवीत घातला. "हफ़्ताभर घर पे देख लो जी. पसंद न आए तो बड़ा वाला ले जाना."

तो कुठे ठेवायचा, हेही मीच ठरवलं. छत नको तर लोखंडी कपाटावर ठेवू, उंचीचा प्रश्न सुटला! समोर पडद्याच्या दांडीला पांढरी चादर बांधली. खोली बंद केली, सिनेमा सुरू झाला, उकडायला लागलं, म्हणून पंखा लावला. आणि नायक थरथरू लागला. कपाट आणि चादर यांच्या बरोबर मध्ये पंखा होता, हे माझ्या आकृतीत आलं नव्हतं. प्रत्येक पातं चित्रातल्या प्रत्येकाच्या मानेवरून फिरत होतं. पंखा बंद केला की नायक शांत आणि आम्ही घामाघूम.

"प्रोफेसर, ह्याला विज्ञानात काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"उन्हाळा," मी म्हणालो.

शिवाय सिनेमा संपला की साहेब प्रोजेक्टर थंड होऊ देत, पुसत, वायरीची घडी घालत, खोक्यात ठेवत आणि खोकं माळ्यावर चढवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवणं, पुन्हा मांडणं, आणि चित्र आदल्या दिवसापेक्षा वीतभर बाजूला. तिसऱ्या दिवसापासून वहिनी खोलीत यायच्या बंद झाल्या. साहेब आणि मी दोघंच, पंखा बंद करून, एक प्रेमकथा बघत बसलो होतो. तुम्ही असं कधी बसला नसाल तर बसू नका.

आठवडा संपला त्या दुपारी वहिनींनी प्रोजेक्टरचं खोकं दारात आणून ठेवलं. "हे परत करा. मोठा आणा आणि छताला लावा. नाहीतर काहीच नको."

"छताला नको," साहेब म्हणाले.

"का नको? कोण तपासायला येणार आहे आता? घर आपलं आहे, अहो!"

मी उठून जायला हवं होतं. पण समोर पोहे होते.

साहेब कूलर बंद करून परत खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही हसाल. लग्न झाल्यावर आसामात हिचा आरसा टांगायला मी एक खिळा ठोकला. आठ दिवसांत बदली. मग जोधपूरला पाळण्यासाठी छताला हुक बसवला. पोरगं त्यात धड झोपलंही नाही. हुकूम आला, तोही एकट्याने जायचा. ही तान्ह्या पोराला घेऊन दोन वर्षं साताऱ्याला सासूजवळ. त्यानंतर मी कुठल्याही घराला भोक पाडलं नाही."

भोक न पाडण्याचं हे कारण वहिनींना ठाऊक नसावं. कारण त्या इतका वेळ हातात धरलेला झारा खाली ठेवून खुर्चीत बसल्या.

"पण साहेब," मी म्हणालो, "आता तुम्ही निवृत्त आहात. तुम्हाला कोण पाठवणार?"

साहेबांनी बोट वर केलं.

मी वर बघितलं. त्यांच्या वर आम्ही राहतो. "आम्ही?" मी विचारलं. "आम्ही कशाला पाठवू?"

"भाऊजी, तुम्ही पोहे खा," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. मग त्या उठल्या आणि बाल्कनीतून स्टूल आणून त्यावर चढल्या. "वॉचमनकडे ड्रिल आहे ना? मी पाडते भोक. यायचा तो हुकूम माझ्या नावाने येऊ दे. तुम्ही आजवर गेलात, आता मी जाते."

साहेब खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली. "गप बस! काहीतरी बोलू नकोस. उतर, उतर खाली! मी पाडतो, दहा पाडतो!"

एका भोकावरून ह्या दोघांचं मरणाचं भांडण चाललेलं, आणि दोघंही दुसऱ्याला वाचवायला निघालेले. असल्या वेळी जे अजिबात करू नये ते मी केलं. म्हणालो, "ड्रिल मी चालवतो. मी तर घरचा नाही."

मोठा प्रोजेक्टर आला. सोबत तो अडकवायची लोखंडी पट्टी. मी पट्टीवरची भोकं कागदावर काढून घेतली, कागद छताला चिकटवला आणि ड्रिल सुरू केलं. चष्म्यावर सिमेंट, नाकात सिमेंट. साहेब स्टूल धरून, डोळे घट्ट मिटून उभे. वरून माझी बायको धावत आली, "माझ्या देवघराखाली काय चाललंय?"

पट्टी वर नेली तर एकही भोक जुळेना. छताला चिकटवताना मी कागद उलटा केला होता. डावं ते उजवं झालं. आरशातल्या प्रतिमेवर मी उभी हयात शिकवलं, विद्यार्थ्यांचे गुण कापले. आता मुकाट्याने पुन्हा सगळी भोकं पाडली. एका भोकाला भिणाऱ्या माणसाचं छत मी चाळणी करून ठेवलं.

प्रोजेक्टर चढला. चौघंही बसलो. सिनेमा सुरू झाला आणि नायिका डोकं खाली, पाय वर अशी नाचू लागली. छताला टांगलेला प्रोजेक्टर उलटा असतो, चित्र सुलटं करायचं बटण त्याच्यातच असतं, हे मला सरदारजीने फोनवर सांगेपर्यंत आम्ही चौघं माना वाकड्या करून बघत होतो. वहिनी हसता हसता रडायला लागल्या. पण त्या दिवशी त्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. श्रेयनामावलीतल्या शेवटच्या स्पॉटबॉयपर्यंत. साहेबांनी पडद्यापेक्षा छताकडेच जास्त बघितलं.

आणि मग हुकूम आला.

मी भौतिकशास्त्राचा माणूस. असल्या गोष्टी मी मानत नाही, फक्त झालं ते सांगतो. माझ्या बायकोला नागपूरच्या एका रुग्णालयातून विभागप्रमुखाचं बोलावणं आलं. माझी नोकरी बदलीची नव्हती, तिचीही नव्हती. इतकी वर्षं आम्ही झिरकपुरातून हललो नव्हतो. साहेबांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ड्रिल तुमच्या हातात होतं," ते एवढंच म्हणाले. बिचाऱ्यांना इतकी चुटपुट लागली की चार दिवस प्रोजेक्टर लावला नाही. पाचव्या दिवशी बायकोने खाली जाऊन सांगितलं, मला हे पद पाहिजेच होतं. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

आमचं सामान त्यांनीच बांधलं. मला कशालाही हात लावू दिला नाही, आणि घरातला एक कप फुटला नाही, एवढ्यावरून तुम्ही काय ते समजा.

निघायच्या सकाळी ट्रक पुढे गेला होता. गाडी गेटपाशी उभी, सोसायटीतली माणसं जमलेली, कुणी डबा देतंय, कुणी पत्ता मागतंय. वहिनींनी बायकोची ओटी भरली. मी सगळ्यांचा निरोप घेऊन गाडीचं मागचं दार उघडलं, तर आत साहेब बसलेले. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून, समोर बघत.

"अहो!" वहिनी खिडकीशी वाकल्या. "उतरा. ते चाललेत. आपण राहतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. गेटपाशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. मग अगदी सावकाश पट्टा सोडवून ते उतरले आणि त्या लोकांत जाऊन उभे राहिले. चेहरा असा, की नव्या शाळेत पहिला दिवस.

"राहणाऱ्यांनी काय करायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हात हलवायचा असतो," वहिनी म्हणाल्या.

गाडी निघाली. मी मागच्या काचेतून बघत होतो. साहेबांनी हात वर केला होता, पण तो नुसताच वर होता, हलत नव्हता. शेजारी उभ्या वहिनी त्यांचं कोपर धरून तो हलवत होत्या.