काचेच्या पेटीतला दगड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. आणि ऐकून तुम्ही 'जाऊ दे हो, एवढासा तर जीव' म्हणणार असाल, तर आत्ताच उठा. त्याच वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझी मोठी बहीण, अक्का, जे. पी. नगरला राहते. तिने एक न्यूट पाळला होता — दिसायला पालीसारखा, जात बेडकाची. थंडीत पाण्यात राहायचा. उन्हाळा लागला की कातडी खरखरीत व्हायची, मग पाणी सोडून पेटीतल्या दगडावर, शेवाळात दडून बसायचा. अक्का लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तेव्हा मी मल्लेश्वरमहून तिच्या घरी राहायला आले. भावोजींना नुकतंच विसरायला होऊ लागलं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. तरी सकाळचा चहा मात्र तेच करायचे, आलं ठेचून, कुणाला हात लावू न देता.

अक्काचा रोज फोन. उन्हाळ्यात तो वर येईल, त्याला पाण्यात ढकलू नकोस, दगड हलवू नकोस, स्वल्प लक्ष ठेव. मी इथल्या कानडी वळणाने सरी, सरी म्हणायचे, म्हणजे बरं, बरं. आतून जळायचे — मला टायफॉइड झाला तेव्हा हिने किती फोन केले होते? एक!

ऊन तापलं आणि तो वर आला. एका दुपारी तर पेटीतून निसटून थेट फ्रीजखाली. मी पळीने उचलून पाण्यात टाकला. तो दगडावर. पुन्हा टाकला. पुन्हा दगडावर. माझं डोकंच फिरलं. मी दगड काढला, पेटी काठोकाठ भरली, वर झाकण, झाकणावर वरवंटा. म्हटलं, पोह आता, किती पोहतोस ते!

तो पोहला. काचेला धरून, नाक वर काढत, दिवसभर — टेकायला जागा शोधत. मला ठाऊक कसं? मी बघत होते ना! समोर बसून, चहा पीत. दुसऱ्या दिवशी तो तळाशी होता.

अक्काला फोनवर म्हटलं, पाणी बदलताना भावोजींनी दगड काढला वाटतं. किती सहज आलं तोंडातून! भावोजी शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"असेल," म्हणाले. "माझ्याच हातून झालं असेल."

आणि फोन घेऊन त्यांनी अक्काची माफी मागितली. मी पोळ्या लाटायला गेले.

अक्का परतली ती धसका घेऊनच. आज दगड, उद्या गॅस — म्हणून तिने त्यांना स्वयंपाकघर बंद केलं. चहासुद्धा. तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. मला अक्काच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, बस्स. भित्री कुठली!

आता भावोजींना लेकीचं नाव आठवत नाही. मला 'आपण कोण?' विचारतात. पण उन्हाळा लागला की कुंडीतला एक दगड उचलतात, त्या रिकाम्या पेटीत ठेवतात आणि अक्काला विचारतात — आला का गं तो वर? मी ठेवलाय हं दगड.

अक्का डोळे पुसते. म्हणते, बघ ना, सगळं विसरले, नेमकं एवढंच नाही विसरत.

मी समोरच बसलेली असते. अक्काने केलेला चहा पीत.