रुमालाखालचा हात

हिंगोलीच्या हळदबाजारात भाव तोंडानं ठरत नसे. पुनमचंद शेठच्या अडतीवर हळदीचा ढीग पडला की ग्यानबा आपल्या हातावर रुमाल टाकायचा. एकेक व्यापारी त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबायचा. कोणी किती भाव दिला ते फक्त ग्यानबाला कळे. सगळ्यांचे हात झाले की सर्वांत चढा भाव तो असा खणखणीत पुकारी, की पार स्टेशनावरचे हमाल मान वर करीत.

महायुद्धाच्या दिवसांत तो आवाज बसला. पडसं असेल म्हणून ज्येष्ठमध चघळून झाला. मग गळ्यावर गाठ दिसू लागली. शेठ स्वतः त्याला रेल्वेनं हैदराबादला घेऊन गेला, दवाखान्याजवळ खोली करून राहिला. तिथल्या डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलं ‘सरतान’, म्हणजे कर्करोग. किरणांचा शेक दिला. गाठ थोडी बसली, पण आवाज काही परत यायचा नाही असं बजावून घरी धाडलं.

शेठ भला माणूस. “ग्यानबा, आता आराम करा,” तो म्हणाला. “तुमची चूल आमच्याकडं लागली.” आणि खरंच, दर महिन्याला हमालाच्या पाठीवर ज्वारी, तुरीची डाळ, गूळ येऊ लागलं. आळीतल्या बाया द्वारकाबाईला म्हणाल्या, “नशीब काढलं बाई तुझ्या नवऱ्यानं. बसून खाऊन राहिला!”

बसून राहिला होता खरा, खात नव्हता. भिंतीकडं तोंड करून गोधडीत पडायचा. द्वारकाबाईनं आंबील केली, दुधात भाकर कुस्करली, तरी दोन घोटांवर वाटी सरकवायचा. एका दुपारी ती वाटी उचलायला वाकली, तर गोधडीखाली काहीतरी हलत होतं. तिनं हळूच टोक उचललं. ग्यानबाचा उजवा हात स्वतःच्याच डाव्या हाताची बोटं दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. बाजाराचा दिवस होता.

तिनं गोधडी होती तशी ठेवली. आदल्या दिवशी आलेला गूळ पदरात बांधला आणि शेठचं घर गाठलं.

शेठाणी मोतीबाई पापड वाळत घालत होती. “का गं द्वारका? गूळ खराब निघाला का?”

“गूळ चांगला हाय, बाई. पर शिधा मेलेल्याच्या घरी जातो. माहा माणूस अजून जित्ता हाय.”

मोतीबाईचा हात पापडावरच थांबला. “असं काहून बोलतीस? ह्यांनी घरच्या माणसावानी केलं.”

“केलं. न्हाई कोण म्हणतं? पर यांच्या जागी पुकाऱ्याला नवा माणूस, उकंडराव, बसवला, तवा यांना इचारलं का कुणी, ग्यानबा, तुला काय पायजे? गळा गेला बाई. बोटं न्हाई गेली.”

संध्याकाळी शेठ ग्यानबाच्या घरी आला. द्वारकाबाईनं घोंगडी अंथरली.

“ग्यानबा, चूक झाली,” तो म्हणाला. “आमीच सगळं ठरवून मोकळे झालो. आता तुमी सांगा.”

ग्यानबानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. तेव्हा शेठनं गळ्यातलं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

शेठ बोटं दाबी, ग्यानबा मान हलवी. ग्यानबा दाबी, शेठ म्हणे, “न्हाई, न्हाई. तेवढं अंगाला झेपायचं न्हाई.” द्वारकाबाई चुलीपाशी बघतच राहिली. हा माणूस घासाघीस करून राहिला होता!

“कमाल आहे,” शेठ शेवटी हसला. “आजारी माणूस, अन् मलाच चढा भाव लावतो.”

ठरलं ते असं : बाजाराच्या दिवशी फक्त सकाळचे ढीग. बोटं ग्यानबाची, पुकारा उकंडरावाचा. दुपारी पडायला गोदामात चटई. पुन्हा हैदराबादला जायची पाळी आली, तर जागा राखून.

पहिल्या दिवशी द्वारकाबाई आंबील घेऊन गेली तेव्हा ढीग पडलेला होता, रुमाल पसरलेला होता, पण कोणी हात पुढं करीना. शंकरसिंग व्यापारी हात पाठीमागं बांधून उभा होता.

“लागण झाली म्हंजे?” तो पुटपुटला.

उकंडराव जमिनीकडं बघू लागला. द्वारकाबाईनं भांडं छातीशी धरलं. आज हा माणूस असाच घरी परतला, तर पुन्हा उंबऱ्याबाहेर पडायचा नाही.

शेठ गादीवरून उतरला. अडत्यानं स्वतः बोली लावू नये असा बाजाराचा रिवाज. तरी त्यानं बाही सारून रुमालाखाली हात घातला.

“हैदराबादला आमी एका तांब्यानं पाणी प्यालो. मला काय झालं?” तो म्हणाला. “सिंगजी, मागं राहिलात तर ढीग माझा.”

हळद कुरुंदा गावची होती. मोडली की आतून केशरी. शंकरसिंगानं एकदा ढिगाकडं पाहिलं, एकदा शेठकडं, आणि हात रुमालाखाली घातला. क्षणात त्याचं तोंड वाकडं झालं. “हळू रे बाबा! कोण म्हणतं याला आजारी?”

मग बाकीचे आले.

ग्यानबा पुढं दोन हंगाम त्या जागेवर बसला. घरात त्यानं द्वारकाबाईलाही बोटांची भाषा शिकवली. एक दाबलं की पाणी, दोन दाबली की आंबील, आणि अख्खा पंजा आवळला की गप बस. हे शेवटचं तो फार वापरी. जेवायच्या वेळी ती पदराखाली त्याचा हात धरून बोटांनी भरली वाटी मागायची, तो दोन घोट देऊ करायचा. अर्ध्या वाटीवर सौदा व्हायचा.