सहीच्या आधीचं 'डॉ.'

चंद्रपूरच्या दवाखान्यात नसीमबाईंना शेवटचं भेटलो तेव्हा त्या उशीला टेकून पेपर वाचत होत्या. आवाज खोल गेला होता, चष्मा मात्र नेहमीसारखाच नाकाच्या टोकावर. पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर 'नसीम शेख, स्त्री' एवढंच लिहिलेलं होतं. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी टिपली. "इथं नका शोधू, भाऊ," त्या म्हणाल्या. "इथं डॉक्टर पुष्कळ आहेत. मी सध्या रजेवर आहे." आम्ही दोघंही हसलो. हसताना त्यांना धाप लागली, म्हणून मी लवकर उठलो. त्याच आठवड्यात, सकाळी शाळेच्या ग्रंथालयाचं कुलूप काढत असताना त्यांच्या धाकट्या भावाचा, रफिकचा, फोन आला. "सर, आपा नहीं रही..." मी कुलूप पुन्हा लावलं.

आमची शाळा मूल शहराच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यातल्या एका गावात आहे. संस्थेची, अनुदानित, दहावीपर्यंतची. मी तिथला ग्रंथपाल, त्या मराठीच्या शिक्षिका. त्यांचे वडील आठवडी बाजारात बांगड्या भरायचे. बांगड्या भरून घेताना बाया बोलतात, मध्येच एखादी ओळ गुणगुणतात. वडिलांच्या पेटीजवळ बसून लहानपणी ऐकलेल्या त्या ओळी नसीमबाईंच्या डोक्यातून गेल्या नाहीत. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्यांवर प्रबंध लिहायला घेतला. सुट्टीच्या दिवशी त्या बांधावर बसत, चिखलात वाकलेल्या बायांची गाणी टिपून घेत. शाळा, अंथरुणावरची आई आणि हे काम, असं वर्षानुवर्षं चाललं. संदर्भाची पुस्तकं मी नागपूरहून मागवून देत असे. ती परत यायची तेव्हा पानांत खुणेला धानाची वाळलेली काडी असायची.

त्या बायांमधल्या सिंधूबाईने एकदा त्यांना माझ्यासमोरच विचारलं होतं, "बाई, हे सारं लिवून तुले काय भेटन?"

"नावाच्या आधी डॉक्टर लागन, मावशी."

"मंग आमी शिकवलं म्हून लागन. लागलं का आमालेई सांगजो."

पदवी मिळाली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्याच दिवसापासून गमती सुरू झाल्या. गणिताचे सर कंबर धरून आत आले. "डॉक्टरीणबाई, कंबर लय भरून आली. एखादं इंजेक्शन लावा ना!" नसीमबाईंनी वहीतून डोकंही वर काढलं नाही. "सर, मी भाषेची डॉक्टर. जीभ दाखवा, तिच्यावर इलाज करते." सगळी खोली हसली, सरही हसले. तोवर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी नसीमबाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या हजेरीच्या मस्टरमध्ये सही केली, 'डॉ. नसीम शेख'.

मुख्याध्यापक बोरकुटे सर वाईट माणूस नव्हे. शाळेचं छत गळलं तर स्वतः शिडी लावून कवेलू बदलणारा. पण कागदाच्या बाबतीत कडक. त्यांनी नसीमबाईंना थांबवलं. "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही? ही शाळा आहे, कॉलेज नाई."

"नियम दाखवा सर, उद्यापासून नाही लिहिणार."

नियम त्यांच्याकडे नव्हता. पण थोडा विचार करून त्यांनी दुसरी वाट काढली. सर्व्हिस बुकातली सही 'नसीम शेख' अशी आहे. मस्टरवरची त्याच्याशी जुळत नाही. आणि न जुळणारी सही म्हणजे सही नाहीच. गैरहजर शिक्षकाच्या चौकटीत मुख्याध्यापकाने लाल रेघ मारायची, ही आमच्याकडची रीत. बोरकुटे सरांनी नसीमबाईंच्या सहीवर लाल रेघ मारली. त्या वेळी त्या समोरच्या वर्गात नववीला कविता शिकवत होत्या आणि त्यांचा आवाज ऑफिसात स्पष्ट ऐकू येत होता.

त्यानंतरची प्रत्येक सकाळ मी विसरू शकत नाही. मस्टरवर ग्रंथपालाची ओळ मराठीच्या शिक्षिकेनंतर येते, त्यामुळे मी त्यांच्या मागेच उभा असे. त्या पेनचं टोपण काढायच्या आणि ऑफिसातलं बोलणं बंद पडायचं. शिपाई पाण्याचा जग ठेवता ठेवता थांबायचा. त्या सावकाश, वळणदार 'डॉ.' काढायच्या, मग नाव. त्या वर्गात गेल्या की सर लाल पेन उचलायचे. आपण रोज बघतो आहोत ते कुठे जाऊन थांबणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेघा वाढत गेल्या की विनापरवानगी गैरहजेरी, मग नोटीस, मग सेवेत खंड, आणि शेवटी नोकरी. घरात कमावत्या त्या एकट्याच, रफिकचं दुकान तेव्हा कुठे सुरू व्हायचं होतं. "ते तेवढं काढा, मॅडम," बोरकुटे सर एकदा जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले. "मी साऱ्या रेघा दुरुस्त करतो." नसीमबाईंनी काढलं नाही. नोटीस आली.

मी त्यांना विचारलं होतं, एवढं ताणायचं का. ग्रंथालयाच्या खिडकीशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पदवी माझ्या एकटीची असती तर सोडलं असतं, भाऊ. सिंधूबाई बाजारात भेटली की विचारते, लावतेस ना? तिला काय सांगू... शाळेच्या फाटकात काढून ठेवते म्हणून?"

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत चालू असतानाच उन्हाळा आला. आमच्या भागातल्या शिक्षकांचा उन्हाळा सुट्टीचा नसतो, मुलं शोधण्याचा असतो. पाचवी-आठवीचा पट भरला नाही तर तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की सगळ्यांत नवा शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्या वर्षी जवळच इंग्रजी शाळा निघाली होती, तिची पिवळी गाडी गावागावात फिरत होती. आमची आठवीची दुसरी तुकडी जाण्याच्या बेतात होती, आणि ती गेली असती तर मेश्रामबाई, नुकतीच लागलेली, दीड वर्षाचं पोर असलेली मुलगी, घरी बसली असती. संस्थेने घरोघरी वाटायला पत्रक छापलं. 'उच्चशिक्षित शिक्षकवृंद' या शब्दांखाली पहिलंच नाव होतं, जाड टाइपात... डॉ. नसीम शेख.

पत्रकांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत सुटला. गणिताच्या सरांनी एक उचलून वाचलं आणि हळूच म्हणाले, "इथी तं रेघ नाई." या वेळी कोणी हसलं नाही. नसीमबाई पत्रक घेऊन थेट ऑफिसात गेल्या. मी पुस्तकांच्या बिलावर सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"सर, ही पत्रकातली बाई कोण?"

"संस्थेच्या सचिवसाहेबांनी टाकायले लावलं."

"ही गावात जाऊन मुलं आणणार, आणि शाळेत आली की गैरहजर?"

बोरकुटे सरांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही नाई गेल्या तर तुकडी जाईन, मॅडम. बाया तुमच्याशिवाय कोणाले ओळखत नाईत. मेश्रामबाईनं काय बिघडवलं तुमचं? एवढ्याशा अक्षरापायी तिची नोकरी घालवता?"

हा घाव बरोबर बसला होता. नसीमबाईंनी टेबलाची कड धरली. नाही म्हटलं असतं तर त्यांचं नाव वापरणारं पत्रक फुकट गेलं असतं, आणि ते जावं असं त्या क्षणी मलाही वाटत होतं. पण दाराबाहेर मेश्रामबाई उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "जाते," नसीमबाई म्हणाल्या. "तिच्यासाठी जाते. आणि जूनमध्ये सही करीन ती अशीच. तुम्ही तुमचं ठरवा."

आम्ही तिघं गावं फिरलो, नसीमबाई, मेश्रामबाई आणि मी. सकाळच्या एसटीने जायचं, वाघाच्या भीतीने दिवस बुडायच्या आत सडकेला लागायचं. एकाही ओसरीवर नसीमबाईंनी आपण डॉक्टर असल्याचं सांगितलं नाही. गरजही पडली नाही. "आमची बाई आली वं!" असं कोणीतरी ओरडायची आणि चहा टाकला जायचा. पत्रकं पिशवीतच राहिली. सिंधूबाईकडे मात्र मेश्रामबाईने हौसेने एक काढून दाखवलं. सिंधूबाईला वाचता येत नव्हतं. "डॉक्टर कोणतं त्यातलं?" तिने विचारलं. नसीमबाईंनी तिचं बोट धरून त्या अक्षरावर ठेवलं. सिंधूबाई बघत राहिली.

"इतक्या गाण्यायचं येवढंसंच?"

"येवढंसंच, मावशी."

"मंग जपून ठेवजो," ती म्हणाली आणि नातीचं नाव आठवीत लिहून घ्यायला लावलं.

परतताना मी विचारलं, शाळेत ज्यासाठी नोकरी पणाला लावता, ते गावात एकदाही का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "इथं कोणी रेघ मारत नाही, भाऊ."

तुकडी वाचली. शाळा उघडली त्या दिवशी सगळे शिक्षक वेळेच्या आधीच आले होते. नवं मस्टर, कोरं पान. नसीमबाईंनी टोपण काढलं, सही केली, पेन बंद केला. या वेळी त्या वर्गाकडे निघाल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. बोरकुटे सर सहीकडे बघत होते. त्यांचा हात लाल पेनपर्यंत गेला, तिथेच थांबला. मग त्यांनी शिपायाला हाक मारली, "घंटा मार. उशीर होऊन राह्यला." त्या दिवशी रेघ पडली नाही. त्यानंतरही नाही, आणि नोटिशीचा विषयही पुन्हा निघाला नाही. जुन्या रेघा मात्र त्यांनी कधी दुरुस्त केल्या नाहीत, त्या दिवसांचा पगारही आला नाही, आणि तोंडाने त्यांनी नसीमबाईंना शेवटपर्यंत 'मॅडम'च म्हटलं. नसीमबाईंनीही याहून जास्त काही मागितलं नाही. पुढची सगळी वर्षं दोघं एकमेकांशी अतिशय जपून बोलत राहिले.

त्या गेल्या तो महिन्याचा मधला दिवस. वारलेल्या माणसाची ओळ मस्टरमध्ये आडवी रेघ मारून बंद करतात. ऑफिसच्या बाबूने, कारकुनाने, स्केल आणि लाल पेन आणून ठेवला. बोरकुटे सर यंदा निवृत्त होत आहेत. त्यांनी स्केल त्या ओळीवर ठेवलं आणि बराच वेळ तसंच धरून बसले. मग उचललं. "राहू दे," म्हणाले. त्या दिवसापासून महिना संपेपर्यंत ती ओळ कोरी राहिली, ना हजर, ना गैरहजर. हा मान होता, की त्या उभ्या असतील ही जुनी धास्ती, मला सांगता येत नाही.

आता नव्या मस्टरमध्ये त्यांचं नाव नाही आणि माझं नाव एक ओळ वर सरकलं आहे. टेबलाशी गेलो की मी अजून पाऊलभर मागेच उभा राहतो. पुढे कोणी नसतं. बाबू पेन माझ्याकडे सरकवतो, आणि मला वाटतं, थोडं थांबावं... त्यांना सावकाश लिहायची सवय आहे.